दिवसभर स्टिअरिंगवर दमतो, मग वेगळा व्यायाम कशाला? एका एसटी ड्रायव्हर भाऊंचं पत्र

पत्र:

ताई नमस्कार. मी एसटीत ड्रायव्हर आहे, वय 46, गाव एरंडोलकडचं. मागच्या महिन्यात तपासणी केली तर उपाशीपोटी साखर 112, ट्रायग्लिसराइड 236, एचडीएल 34, बीपी 128/84 आणि पोटाचा घेर 98 सेंटीमीटर निघाला. डॉक्टरांनी कागदावर मेटाबॉलिक सिंड्रोम लिहिलं, म्हणाले रोज व्यायाम करा आणि तीन महिन्यांनी परत या, मग गोळीचं बघू. माझं वजन 71 किलो, उंची पाच फूट सात इंच, मला कोणी जाड म्हणत नाही, फक्त पोट सुटलंय, खाकी पॅंटची कंबर टेलरकडून दोनदा ढिली करून घेतली. आठ-दहा तास गाडी चालवून घरी आलो की बठ्ठं आंग दुखस, त्यात व्यायाम कधी करू? दिवसभर क्लच-ब्रेक दाबतो तो व्यायामच नाही का? माझा सख्खा भाऊ शेती करतो, माझ्यापेक्षा दोन भाकरी जास्त खातो, त्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग मलाच का? आणि साप्ताहिक सुट्टीला एकदम दोन तास चालून घेतलं तर चालेल का?

उत्तर:

भाऊ, नमस्कार. तुमचे आकडे तुम्ही नीट लिहून पाठवले ते फार बरं केलं, नाहीतर बहुतेक पत्रांत नुसतं साखर थोडी वाढलीय एवढंच असतं आणि मग काय सांगावं तेच कळत नाही.

आधी थकव्याचं बोलू. तुमचा थकवा शंभर टक्के खरा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर गेलेला, शेजारी इंजिन तापलेलं, मागे साठ माणसांची जबाबदारी, पुढे कोण मोटरसायकलवाला कधी आडवा येईल सांगता येत नाही, खड्ड्यांनी कंबर हादरलेली, अशात आठ तास बसायचं म्हणजे खायचं काम नाही. पण हा थकवा आहे डोळ्यांचा, डोक्याचा, उन्हाचा आणि एकाच जागी आखडून बसल्याचा. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू म्हणजे मांड्या, कुल्ले आणि पाठ, आणि ते पूर्ण ड्युटीभर जवळपास रिकामेच असतात. क्लच दाबताना डावा पाय सेकंद-दोन सेकंद जोर लावतो आणि सुटतो, स्टिअरिंगला खांदे लागतात, तेवढ्याने श्वासही वाढत नाही. म्हणून ड्युटीनंतर माणूस गळून गेलेला असतो पण त्याच्या स्नायूंनी दिवसभरात साखर काही फारशी जाळलेली नसते, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या मोठ्या शब्दाचं मूळ इथेच आहे.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे एक वेगळा रोग नाही, पाच गोष्टींचा गट आहे. पोटाचा घेर आपल्याकडच्या पुरुषांत 90 सेंटीमीटर किंवा जास्त आणि बायकांत 80 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत 40 च्या खाली आणि बायकांत 50 च्या खाली, बीपी 130/85 किंवा जास्त, आणि उपाशीपोटी साखर 100 किंवा जास्त. यातल्या कुठल्याही तीन बसल्या की झालं. तुमच्या चार बसतात आणि पाचवी, बीपीचा खालचा आकडा, 84 म्हणजे अगदी उंबऱ्यावर आहे. एकेक आकडा सुटा बघितला तर घाबरण्यासारखा वाटत नाही, 112 ला कोणी डायबेटिस म्हणत नाही, म्हणून लोक कागद घडी घालून कपाटात ठेवतात. पण हे आकडे जमून आले की पुढे डायबेटिस व्हायचा धोका साधारण पाचपट आणि हार्टचा साधारण दुप्पट होतो, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. तेव्हा हा कागद कपाटात ठेवू नका.

आता बसून राहिल्याने हे सगळं का होतं ते सांगते, तुमच्याच भाषेत सांगते म्हणजे लक्षात राहील. जेवणानंतर रक्तात आलेली साखर म्हणजे फलाटावर उभे प्रवासी समजा, स्नायू म्हणजे गाडी, आणि इन्सुलिन म्हणजे दार उघडणारा कंडक्टर. बरीच वर्षं बसून काम केलं आणि पोटात आतड्यांभोवती चरबी साठली की कंडक्टरचं कोणी ऐकत नाही, तो ओरडतोय पण दार जेमतेम किलकिलं होतंय, मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, प्रवासी फलाटावरच तुंबतात. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. पण गंमत अशी की स्नायू हलायला लागला, आकुंचन पावायला लागला, की हे दार आतूनच उघडतं, त्याला इन्सुलिनची गरज लागत नाही. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी प्रथिनं असतात, ती एरवी आत पडून राहतात, चालायला लागलात की पेशीच्या काठाशी येतात. आणि चालणं थांबवल्यावरही एक दिवस, कधी दोन-तीन दिवस, स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतो. म्हणजे आजच्या चालण्याचा फायदा उद्याच्या भाकरीलाही मिळतो.

ट्रायग्लिसराइडचंही तसंच. रक्तातली ही चरबी फोडून स्नायूला देणारं एक एन्झाइम स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर असतं, पाय तासन्‌तास हलले नाहीत की त्याचं काम मंदावतं आणि चरबी रक्तातच फिरत राहते. तुमचं ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, ही जोडी बैठ्या माणसात हमखास सापडते.

तुमच्या पॅंटवरून मला लंडनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती तुमच्याच धंद्याची आहे. तिथे जेरेमी मॉरिस नावाचे डॉक्टर होते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि ती 1953 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. बस दुमजली, ड्रायव्हर ड्युटीचा बहुतेक वेळ बसून, आणि कंडक्टर दिवसभर तिकिटं फाडत वरखाली, रोजच्या पाचशेच्या वर पायऱ्या. दोघंही एकाच कंपनीतले, एकाच शहरातले, घरची परिस्थितीही सारखीच. तरी हार्टचा आजार कंडक्टर लोकांत कमी निघाला, आणि झटका आलाच तर त्यातून लगेच दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या साधारण निम्मं. पुढे 1956 मध्ये त्यांनी दोघांच्या गणवेशाची मापं काढली, म्हणजे शिंप्याकडच्या नोंदी, तर प्रत्येक वयात ड्रायव्हरच्या पॅंटची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी. आता यावर कोणी म्हणेल की मुळात पोटवाले लोकच ड्रायव्हर होत असतील, आणि ही शंका त्यांनाही आली होती कारण तरुण ड्रायव्हरांतही हा फरक दिसत होता. म्हणून नंतर त्यांनी सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे वेगवेगळे गट करून पाहिलं, तरी कंडक्टरच सरस ठरले. म्हणजे पोट आहेच, पण न हलण्याचा स्वतःचा वेगळा हिशोब आहे. शिंप्याने तुमची कंबर दोनदा ढिली केली ना भाऊ, ते तपासणीच्या आधी आलेलं रिपोर्टच होतं असं समजा.

आणि मला कोणी जाड म्हणत नाही, हे वाक्य मी खान्देशात रोज ऐकते. तुमचं वजन उंचीच्या मानाने खरंच फार नाहीये. पण आपल्या लोकांची चरबी हातापायांवर कमी आणि पोटात जास्त जाते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! काट्यावर दोघंही सारखेच फिट. म्हणून तुमच्यासाठी वजनकाट्यापेक्षा टेप महत्त्वाचा. आणि टेप लावायचा कुठे, तर पॅंट बांधता तिथे लावायचा नाही. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाच्या खाली बांधतो म्हणून त्याला वाटतं आपली कंबर अजून 34 च आहे. शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवा धरा, तो साधारण बेंबीच्या आसपास येतो, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका, आणि वाचा. महिन्यातून एकदा पुरे.

भावाचं उत्तर आता तुम्हालाच मिळालं असेल. आई एक, ताट एक, पण तो केळीच्या बागेत वाकतो, घड उचलतो, बांधावरून चालतो, पाणी बदलायला रात्री-बेरात्री जातो. त्याच्या दोन जास्तीच्या भाकरी मांड्या आणि पाठ खाऊन टाकतात. तुमच्या घराण्यात हा धोका असेल तर तो दोघांतही आहे, फक्त त्याच्याकडे तो झाकला गेलाय. त्यालाही माझा निरोप द्या, वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायची, कारण आता शेतकरीही बांधापर्यंत मोटरसायकलवर जातो, नांगरटी-फवारणी ट्रॅक्टरने होते आणि मजूर लावून सावलीत उभं राहणं म्हणजे शेतकाम नव्हे.

आता करायचं काय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारे व्यायाम. आकडा ऐकून घाबरू नका. पूर्वी सांगायचे की सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत तरच ती धरायची, 2020 च्या नव्या सूचनांत ती अट काढून टाकली, तुकड्या-तुकड्यात केलेलंही धरलं जातं, आणि तुमच्या नोकरीला तर तुकडेच सोयीचे. मला तुम्हाला पहाटे पाचला उठून ग्राउंडवर जा असं सांगायचंच नाहीये, पहिल्या गाडीची ड्युटी असली तर तुम्ही चारला उठलेले असता, ते कोणाला जमणार.

तर असं करा. गाडी फलाटाला लावली, केबिनमध्ये नोंद केली, की लगेच बाकावर बसू नका. पुढची फेरी निघायला वीस मिनिटं आहेत ना, त्यातली दहा मिनिटं स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, चांगलं झपझप, मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली पाहिजेत. जोर बरोबर आहे का ते ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. लांब पल्ल्याच्या गाडीला ढाब्यावर जेवणाचा थांबा असतो, तिथे सगळ्यात मोठी संधी आहे. जेवण झाल्या झाल्या साखर वर चढायला लागते आणि तुम्ही नेमके त्याच वेळी पुन्हा सीटवर बसता, म्हणून हात धुतले की तंबाखू मळत उभं राहायच्या ऐवजी दहा मिनिटं आवारात फिरा आणि मगच स्टिअरिंग धरा. जेवणानंतरचं चालणं हळू असलं तरी चालतं, साखरेवर त्याचा परिणाम चांगला दिसतो. मुक्कामी गाडी असेल तर गावात पोचून डबा खाल्ला की सरळ गाडीत आडवे होऊ नका, मारुतीच्या पारापर्यंत, नाहीतर वेशीपर्यंत जाऊन या, कंडक्टरलाही सोबत घ्या. उन्हाळ्यात दुपारचं चालणं अजिबात नको, तेव्हा फलाटाच्या सावलीत जेवढं होईल तेवढंच, बाकीचं सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर, आणि पाण्याची बाटली जवळ.

ताकदीचे व्यायाम लोक सोडून देतात आणि तिथेच चुकतं. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात, आणि साखर साठवायची जागाच स्नायू आहे. जिमची काही गरज नाही. फलाटावरच्या बाकावरून हात न टेकता उठायचं आणि हळूच बसायचं, दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. एसटीची पहिली पायरी चांगली उंच असते, दांडा धरून एका पायाने चढ-उतार दहा वेळा, मग दुसऱ्या पायाने. भिंतीला हात लावून जोर काढायचे. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं करा, महिन्याभराने जुन्या पद्धतीच्या अर्ध्या बैठकांवर या, गुडघा कुरकुरत असेल तर बाकावरच राहा. एक सांगते, जोर लावताना श्वास कोंडू नका, बीपी एकदम वर जातं. आणि पोट कमी करायला नुसते पोटाचे व्यायाम करत बसू नका, पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जाते असं नसतं, ती चालण्याने आणि मोठ्या स्नायूंच्या कामाने हळूहळू कमी होते.

साप्ताहिक सुट्टीचं विचारलंत. दोन तास चाललात तर वाया नक्कीच जाणार नाही, ज्यांना आठवड्यातून एक-दोन दिवसच जमतं त्यांनाही फायदा होतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. पण तुमचा मुख्य प्रश्न साखरेचा आहे आणि वर सांगितलं तसं स्नायूचं ते सुधारलेलं वागणं दोन-तीन दिवसांत उतरतं, म्हणजे रविवारी चाललात तर गुरुवारी पुन्हा जिथल्या तिथे. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही एवढा नियम धरा. सुट्टीच्या दिवशी वहिनींना घेऊन पद्मालयाच्या बाजूला पायी निघा, ते वरचं बोनस, पण रोजचे तुकडे चुकवू नका.

तीन महिन्यांत काय दिसेल तेही आधीच सांगते म्हणजे हिरमोड व्हायला नको. ट्रायग्लिसराइड आणि साखर लवकर हलतात, काही आठवड्यांत फरक पडतो. बीपी थोडं उतरतं. पोट सावकाश, टेपवर दोन-तीन सेंटीमीटर कमी झाले तरी आतली चरबी त्यापेक्षा जास्त कमी झालेली असू शकते. एचडीएल सगळ्यात हट्टी, तो थोडासाच वाढतो आणि त्याला महिने लागतात, बिडी-सिगरेट असेल तर ती सोडल्याशिवाय तर बघायलाच नको. आणि काटा कदाचित 71 वरच राहील. तरी थांबू नका. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी डायबेटिसच्या उंबऱ्यावर असलेल्या 531 लोकांवर अभ्यास केला होता, 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात रोज चालणं आणि आहारात बदल एवढ्यावर डायबेटिस व्हायचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं, आणि त्या लोकांचं वजन फारसं घटलं नव्हतं. आपल्यासारखीच माणसं होती ती, भात-भाकरी खाणारी.

खाण्याचं थोडक्यात. व्यायाम करतो म्हणून वाटेल ते खायला मोकळीक नाही. प्रत्येक स्टँडवर साखरेचा चहा होतो, तो दिवसात दोनवर आणा, 236 ट्रायग्लिसराइडला साखर, मैदा आणि दारू या तिन्ही गोष्टी थेट लागतात. कळण्याची भाकरी चांगलीच, भरीतही चांगलं फक्त वरचं तेल कमी, ढाब्यावरची शेवभाजी रोजची असेल तर आठवड्यातून एकदा करा कारण शेव तळलेली आणि वर तर्रीचा तवंग. भाकऱ्या किती, ते डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत ठरवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मला विचारायलाच हवी. रात्री मोठ्याने घोरता का, घोरता घोरता श्वास अडकतो असं वहिनी म्हणतात का, आणि गाडीवर दुपारी डोळा लागल्यासारखं होतं का? पोटाचा घेर वाढलेल्या माणसांत झोपेत श्वास थांबायचा आजार बराच सापडतो, त्याने बीपी आणि साखर दोन्ही बिघडतात, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तो अख्ख्या गाडीचा प्रश्न आहे. असं काही असेल तर नोकरीच्या भीतीने लपवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगून झोपेची तपासणी करून घ्या, त्यावर उपचार आहेत.

आणि झपझप चालायला सुरुवात करायच्या आधी एकदा ईसीजी करून घ्या, विशेषतः घरात कोणाला कमी वयात झटका आला असेल तर. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला किंवा एकदम दम लागला तर तिथल्या तिथे थांबायचं, गॅस असेल म्हणून सोडाबिडा पीत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि गाडी स्वतः चालवायची नाही. तीन महिन्यांनी रक्त द्यायला जाल तेव्हा दहा-बारा तास उपाशी राहून जा, साखरेसोबत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, तीही करा आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून गोळीचं डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांनी गोळी दिली तर घ्या, चालणं तरीही चालूच ठेवा.